फोर बाय फोर पिकअप घ्यावी का?

‘गावाकडं बाग आहे, घर शहरात आहे, रस्ता वाईट आहे. थार घेऊ की पिकअप?’ या प्रश्नाची वेगवेगळी रूपं वाचक सतत विचारतात. कुणी टोयोटाची हायलक्स पाहून आलेला असतो, कुणाच्या मनात इसुझूची व्ही-क्रॉस भरलेली असते. गाडी उंच, रुबाबदार, चारही चाकांना ताकद, मागे माल टाकायला हौदा. एकाच गाडीत सगळं भागेल असं वाटतं आणि तिथंच गोंधळ सुरू होतो.

उत्तर आधीच सांगतो. वाईट रस्त्यानं वर्षभर काही ना काही वाहून न्यायचं असेल, तर मध्यम आकाराची फोर बाय फोर पिकअप पैसे वसूल करते. नुसतं डोंगरदऱ्यांत, चिखलात, दगडधोंड्यांत गाडी चालवण्याची हौस असेल, तर त्याच पैशांत किंवा त्याहून बऱ्याच कमी पैशांत अधिक चांगल्या गाड्या मिळतात. पिकअप घेण्याचं खरं कारण तिचा हौदा. तो रिकामाच राहणार असेल, तर लांबी, वजन आणि किंमत तुम्ही विनाकारण सांभाळत बसता.

आधी हे कागदावर लिहा

शोरूममध्ये जाण्यापूर्वी घरी बसून या प्रश्नांची खरी उत्तरं लिहून काढा.

- मागे काय भरणार? खत, क्रेट, पंप, पाइप, तंबूचं सामान, सायकली? किती किलो? महिन्यातून किती वेळा?
- खराब रस्ता म्हणजे नेमका कसा? खड्ड्यांचा कच्चा रस्ता, निसरडा चढ, ओढा, की मुळात रस्ताच नाही?
- मागच्या सीटवर रोज कोण बसणार? आई-वडील की मजूर?
- रात्री गाडी कुठं उभी राहणार?

चौथ्या प्रश्नावर अनेकांचा बेत मोडतो, आणि तो पैसे भरण्याआधी मोडलेला बरा. हायलक्स आणि व्ही-क्रॉस या दोन्ही गाड्या साधारण ५.३ मीटर लांब आहेत. सोसायटीतली पार्किंगची आखलेली जागा बहुधा पाच मीटरच्या आसपास असते. म्हणजे गाडीचं शेपूट ये-जा करण्याच्या वाटेत येणार आणि त्यावरून रोज वाद होणार. यांत्रिक पार्किंग असेल तर विचारच सोडा. टेप घेऊन जागा मोजा आणि वळणाची जागाही मोजा. हायलक्सला एका दमात उलटं वळायला बारा-तेरा मीटर रुंदी लागते. जुन्या वाड्यांच्या गल्लीत किंवा पाणंदीत ती मिळत नाही.

हौद्यात किती माल बसतो?

इथं सर्वांत मोठा गैरसमज आहे. गाडी दिसते दोन टन उचलणारी. पण कुटुंबासाठी पाच सीटच्या रूपात विकल्या जाणाऱ्या या पिकअपना कागदावर मिळालेली माल वाहण्याची मुभा बरीच कमी असते. युरियाची ४५ किलोची दहा पोती म्हणजे साडेचारशे किलो. पाच माणसं बसवून एवढा माल भरण्यापूर्वीही नोंदणीचा कागद पाहावा लागेल. एकूण वजनाच्या आकड्यातून रिकाम्या गाडीचं वजन आणि माणसांचं वजन वजा करा. उरेल तेवढाच माल. त्याहून जास्त भरलात तर दंड होतोच, शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं.

रोज टनभर माल न्यायचा असेल, तर महिंद्राची बोलेरो कॅम्पर किंवा टाटाची योद्धा हा सरळ मार्ग आहे. गाडी ओबडधोबड असेल, पण निम्म्याहून कमी पैशांत काम होतं आणि तालुक्याच्या गावी मेकॅनिक मिळतो. शेतकऱ्यानं केवळ रुबाबासाठी तीस लाखांचं कर्ज काढावं, असं मला वाटत नाही.

गाडी कुठं चालते आणि कुठं अडते

या गाड्यांची ताकद आधी सांगायला हवी. शिडीसारखी भक्कम चौकट, मागे पाट्यांचे स्प्रिंग, तळाला भरपूर उंची आणि डिझेल इंजिनाचा खालच्या वेगातला जोर. हायलक्सच्या २.८ लिटर इंजिनाची ताकद २०४ पीएस आहे आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत टॉर्क ५०० न्यूटन-मीटर मिळतो. व्ही-क्रॉसचं १.९ लिटर इंजिन १६३ पीएस आणि ३६० न्यूटन-मीटर देतं. खडी उखडलेला रस्ता, दोन्ही बाजूंनी चर पडलेली बैलगाडीवाट, कोरड्या नदीपात्रातले गोटे हे सगळं या गाड्या सहज पार करतात.

अडचण येते ती लांबीमुळे. दोन्ही पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जवळजवळ ३.१ मीटर आहे. तीन दरवाज्यांच्या थारमध्ये ते २.४५ मीटर, जिम्नीत २.५९ मीटर. फरक शेताच्या बांधावर कळतो. पुढची चाकं बांध ओलांडून पलीकडे उतरतात, मागची अजून अलीकडेच असतात आणि गाडीचं पोट बरोबर बांधाच्या माथ्यावर टेकतं. चारही चाकं जमिनीला असूनही भार पोटावर गेल्यामुळे ती फिरतात, पकडत नाहीत. मग फावडं काढून बांध खणण्यावाचून इलाज नसतो. मागच्या चाकांच्या मागे निघालेला हौदाही असाच नडतो. ओढ्यात उतरून समोरचा काठ चढताना मागचा बंपर जमिनीला घासतो.

दुसरी गोष्ट रिकाम्या हौद्याची. मागचे पाट्यांचे स्प्रिंग ओझ्यासाठी बनवलेले असतात. ओझं नसेल तर मागची चाकं खड्ड्यावर उसळतात. पावसाळ्यात घाटात, जांभ्याच्या शेवाळलेल्या चढावर किंवा ओल्या गवतावर गाडी नुसत्या मागच्या चाकांवर चालत असेल, तर हलकं शेपूट बाजूला सरकायला वेळ लागत नाही. म्हणून अशा जागी चढ सुरू होण्याआधीच फोर बाय फोर लावा; घसरायला लागल्यावर नव्हे. मागे शे-दीडशे किलो वजन नीट बांधून ठेवलं तर फरक जाणवतो. नुसतं टाकून ठेवलेलं वजन मात्र घातक.

आणि काळी जमीन. मराठवाड्यात, विदर्भात, सोलापूरकडे ज्यांची शेती आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाऊस पडल्यावर काळी माती टायरच्या नक्षीत अशी भरते की टायर गुळगुळीत होतो. पुढं माती चाकाच्या कमानीत साठत जाते आणि चाक फिरेनासं होतं. इथं चार चाकांची ताकद फारशी कामाला येत नाही आणि दोन टनांची पिकअप हलक्या गाडीपेक्षा खोल रुतते. वाफसा आल्याशिवाय शेतात गाडी घालू नका. ट्रॅक्टर बोलावून ओढून काढताना एखादा भाग वाकला, तर तो खर्च वर्षाच्या डिझेलएवढा होऊ शकतो.

पाण्याबद्दल दोन वाक्यं. हायलक्सची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनी ७०० मिलिमीटर सांगते. ती स्थिर पाण्याची आणि संथ वेगाची मर्यादा आहे. फरशी पुलावरून वाहणाऱ्या पुराची नव्हे.

फोर बाय फोर नावाखाली नेमकं काय मिळतं?

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या सगळ्या गाड्या फोर बाय फोर नसतात. इसुझूची हाय-लँडर दिसायला व्ही-क्रॉसचीच बहीण, पण तिला फक्त मागच्या चाकांची ताकद असते. व्ही-क्रॉसमध्येही फोर बाय टू असा प्रकार विकला गेला आहे. बुकिंगच्या पावतीवर ‘फोर बाय फोर’ हे शब्द आणि मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या. मग या तीन गोष्टी तपासा.

- लो रेंज : चार चाकांसोबत कमी वेगाचा जास्त जोराचा गिअर. तीव्र चढ-उतारावर, दगडांवर याचाच उपयोग. हे नसेल तर खऱ्या ऑफ-रोडसाठी गाडी अपुरी.
- डिफरन्शियल लॉक : एक चाक हवेत लटकलं की ताकद त्याच चाकात वाया जाते, लॉक लावल्यावर दोन्ही चाकं एकत्र फिरतात. हायलक्सला मागच्या बाजूला ते मिळतं. नुसतं ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर काम होतं, पण सावकाश आणि ब्रेक तापवत.
- टायर : शोरूममधून येणारे टायर बहुधा डांबरी रस्त्याला धार्जिणे असतात. ऑल-टेरेन टायरचे पैसे बजेटमध्ये वेगळे धरा. गाडीवर केलेल्या इतर कुठल्याही खर्चापेक्षा हा खर्च जास्त उपयोगी पडतो.

कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून फिरू नका. या गाड्यांमध्ये पुढची आणि मागची चाकं तेव्हा एकमेकांना जखडली जातात. वळताना त्यांचा वेग वेगळा व्हायला हवा, तो होत नाही आणि ताण गिअरवर येतो.

हौस असेल तर दुसरे पर्याय

माल न्यायचा नसेल तर थार, जिम्नी किंवा फोर्सची गुरखा पाहा. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे यांत्रिक लॉक आणि कंपनीनंच बसवलेला स्नॉर्कल मिळतो. जिम्नी पेट्रोलवर चालते, पण तिचं वजन पिकअपच्या निम्म्याच्या आसपास असल्यानं चिखलात ती जिथून निघते तिथं जड गाडी बसून राहते. कुटुंब मोठं असेल तर स्कॉर्पिओ-एनचा फोर बाय फोर प्रकार मागच्या सीटवरच्या माणसांना पिकअपपेक्षा कितीतरी कमी त्रास देतो. पिकअपच्या मागच्या सीटची पाठ बरीच उभी असते. पुणे ते रत्नागिरी प्रवासात गुडघ्याचं, कमरेचं दुखणं असलेल्या वडीलधाऱ्यांना ती सोसत नाही. टेस्ट ड्राइव्हला त्यांना सोबत न्या आणि अर्धा तास मागेच बसवा.

पांढरी पाटी की पिवळी?

हायलक्स आणि व्ही-क्रॉस खासगी नोंदणीवर, म्हणजे पांढऱ्या पाटीवर मिळतात. स्वतःचा माल नेता येतो, भाड्यानं दुसऱ्याचा नेता येत नाही. कॅम्पर, योद्धासारख्या गाड्या मालवाहू म्हणून पिवळ्या पाटीवर येतात. त्यांना ठरावीक मुदतीनं फिटनेस प्रमाणपत्र लागतं. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहतुकीचा परवाना लागत नाही.

‘पिवळ्या पाटीसाठी वेगळं लायसन्स काढावं लागेल का?’ असंही बरेच जण विचारतात. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेलं मालवाहू वाहन साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं आहे.

हौद्यात माणसं मात्र कुठल्याही पाटीच्या गाडीत बसवू नका. वऱ्हाड असो, मजूर असोत, जत्रा असो. गाडी उलटली की हौद्यातली माणसं बाहेर फेकली जातात आणि त्यांच्या भरपाईचा प्रश्न थेट मालकाच्या अंगावर येतो.

टोल नाक्यावर पिकअप पाहून कधीकधी हलक्या मालवाहू गाडीचा दर कापला जातो. फास्टॅग काढतानाच गाडीचा वर्ग नीट नोंदवून घ्या आणि जादा रक्कम कापली गेल्यास १०३३ वर तक्रार करा.

पैशांचा हिशेब

शोरूमची किंमत ही फक्त सुरुवात. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला एकरकमी कर १५ टक्के बसतो. तीस लाखांच्या गाडीवर साडेचार लाख. कंपनीच्या नावावर घेतली तर हाच दर २० टक्के, म्हणजे सहा लाख. सीए करबचतीचं गणित मांडतो तेव्हा हा दीड लाखांचा फरक त्यात धरला आहे का, ते विचारा. शिवाय व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूबाबत ग्राहक आयोगात ‘तुम्ही ग्राहकच नाही’ असा आक्षेप घेतला जातो, हेही लक्षात असू द्या.

विमा डीलरकडूनच घेण्याची सक्ती कुणालाही करता येत नाही. दोन-तीन ठिकाणचे दर मागवा. बिलात ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ नावाची रक्कम दिसली, तर ती कशासाठी हे लेखी मागा. लेखी मागितल्यावर ती बऱ्याचदा गळून पडते.

सर्व्हिस सेंटरचं अंतर नकाशावर मोजा. इसुझूची केंद्रं मोजक्या शहरांत आहेत. आंबोलीजवळ किंवा गडचिरोलीत राहणाऱ्यांना सर्व्हिससाठी एक दिवस आणि एक मुक्काम धरावा लागेल. हायलक्सचं इंजिन फॉर्च्युनरचंच असल्यानं सुट्या भागांची चिंता तुलनेनं कमी. एक बाब शेतकऱ्यांसाठी महत्त्वाची : बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. गाडी रोज फक्त घर ते शेत अशी दोन-तीन किलोमीटर चालली तर तो तुंबतो. अधूनमधून हायवेवर सलग वीस-पंचवीस मिनिटं गाडी पळवावी लागते. हे जमणार नसेल तर आत्ताच विचार करा.

गाडी घेताच बदल करायला धावू नका

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. प्रत्यक्षात याचा अर्थ असा :

- पुढचं लोखंडी बुल बार बसवू नका. केंद्रीय परिवहन मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच त्याविरुद्ध राज्यांना कळवलं आहे. एअरबॅगच्या वेळेवर उघडण्यातही त्यानं अडथळा येऊ शकतो.
- गाडी उंच करणं, फार मोठे टायर लावणं, हौद्यावर मनाप्रमाणे पिंजरा उभा करणं टाळा. कंपनीच्या यादीतली अॅक्सेसरी घ्या आणि तिचं बिल जपा.
- बसवलेली प्रत्येक वस्तू विमा कंपनीला लेखी कळवा.

विम्यात ‘इंजिन प्रोटेक्शन’ जोडून घ्या. साध्या पॉलिसीत इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान सहसा मिळत नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका; पाणी आत ओढलं जातं आणि दावाही अडचणीत येतो. ऑफ-रोड स्पर्धेत उतरणार असाल तर शर्यती, चाचण्यांमधलं नुकसान पॉलिसीतून वगळलेलं असतं, हे आधी वाचा.

बदलांऐवजी गाडीत सामान ठेवा : हवा भरायचा छोटा कंप्रेसर, हवेचा दाब मोजायचं मीटर, ताण सोसणारा रिकव्हरी पट्टा, दोन शॅकल, फावडं. चिखलात किंवा वाळूत टायरची हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवली की पकड वाढते. डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरावी लागते. पट्टा ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीही अडकवू नका. गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि यात माणसं मेली आहेत. ओढताना बघ्यांना लांब उभं करा, आणि कठीण वाटेवर एकट्या गाडीनं जाऊ नका.

जुनी गाडी घेणार असाल तर

२०१६ पासूनच्या व्ही-क्रॉस बाजारात फिरतात आणि हौशी माणसाला त्यांची किंमत मोहात पाडते. खाली वाकून चौकटीचा गंज, स्प्रिंगच्या तुटक्या पाट्या आणि डिफरन्शियलखालचा तेलाचा डाग पाहा. फोर बाय फोर आणि लो रेंज प्रत्यक्ष मातीवर लावून बघा. वर्षानुवर्षं न वापरल्यानं ते अडकलेलं असू शकतं. दिल्लीकडे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यानं तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. एनओसी, बँकेचा बोजा, थकलेली ई-चलनं आणि महाराष्ट्रात भरावा लागणारा कर जमेस धरल्यावर तो स्वस्तपणा किती उरतो, ते मांडून बघा. परराज्यातली गाडी इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवी नोंदणी बंधनकारक आहे.

तक्रार असेल तर

नवी गाडी ताब्यात घेण्याआधी दिवसाच्या उजेडात तपासा. चॅसिस क्रमांकावरून बनावटीचा महिना बघा आणि दोष दिसला तर ताबा न घेण्याचा हक्क वापरा. नंतर बिघाड आला तर प्रत्येक वेळी जॉबकार्डवर तुमच्या शब्दांत तक्रार लिहून घ्या आणि प्रत ठेवा. ‘तोंडी सांगितलं होतं’ याला आयोगात किंमत नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पन्नास लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

कुठं न्यायची नाही

गाडी जाऊ शकते म्हणून ती नेलीच पाहिजे असं नाही. कोकणातले सडे, कासपठारासारखी पठारं वरून ओसाड दिसतात. पण त्या चार बोटं मातीत पावसाळ्यात फुलणारी रोपं असतात आणि एका चाकोरीनं तिथली माती वाहून जाते. समुद्रकिनाऱ्यावर कासवांची घरटी असतात, आणि वाळूत रुतलेली गाडी भरतीच्या आत निघेल याची खात्री नसते. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घातल्यास दंड होतो. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय प्रवेश हा गुन्हा आहे. दुसऱ्याच्या शिवारातून जाताना मालकाला विचारा. ऑफ-रोडिंग शिकायचंच असेल, तर खासगी जमिनीवर परवानगीनं चालणाऱ्या प्रशिक्षणाला पैसे द्या, आणि जमलं तर गाडी विकत घेण्याआधीच द्या.